गॅरेज सवाल-जवाब: थंडीत नखरे करणारी जिप्सी

प्रश्न : माझी १९९४ची मारुती जिप्सी आहे, ९७० सीसी, कार्बोरेटरवाली. राहतो निफाडला. डिसेंबर-जानेवारीत तीन-चार दिवस गाडी उभी राहिली की सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. सुरू झाली तरी चोक आत ढकलला की धक्के खाऊन बंद पडते. गरम झाल्यावर काहीच तक्रार नाही. काळा धूर नाही. प्लग नवे टाकले, मेकॅनिकने मिक्सचरचा स्क्रूही फिरवून पाहिला. आता काय बघू?

उत्तर : स्क्रू आधी पूर्वीच्या जागी आणा. तो गरम इंजिनाच्या आयडलिंगपुरता असतो, थंड स्टार्टिंगशी त्याचा फारसा संबंध नाही. तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची कारणंही बहुधा वेगळी आहेत.

पहिली, उशिरा सुरू होण्याची. रोज चालवताना गाडी लगेच लागत असेल, तर फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवणारी वाटी, रिकामं होतंय. सकाळी सेल्फ न मारता एअर क्लीनरचं झाकण काढा, चोक आत ठेवून (म्हणजे हवेची झडप उघडी ठेवून) कार्बोरेटरच्या तोंडात बघत हाताने थ्रॉटल एकदा पूर्ण ओढा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी. उडाली नाही, तर गाडी चालवून गरम करा, बंद करा आणि पुन्हा तेच करा. आता उडाली, तर ही पिचकारी मारणारा ॲक्सिलरेटर पंप ठीक आहे, चेंबर कोरडं पडत होतं. तेव्हाही नाही उडाली, तर पंपाचा डायफ्रॅम फाटलाय किंवा जेट तुंबलाय.

चेंबर कोरडं का पडतं, ते कळायला पेट्रोल पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवा. सकाळी फिल्टर भरलेला दिसला तर पेट्रोल नुसतं उडून गेलंय, बिघाड नाही. रिकामा दिसला तर ते टाकीकडे परत गेलंय : पंपाची वॉल्व्ह गळतेय, नाहीतर नळी तडकून हवा ओढतेय. जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी बनवलेले नसतात, म्हणून बदलताना इथेनॉल चालणारेच मागा.

दुसरी तक्रार जास्त महत्त्वाची. थंड मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या) भिंतीला पेट्रोल चिकटून राहतं, सिलिंडरमध्ये वाफ कमी पोचते, म्हणून चोक लागतो. इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते, आणि जुन्या जेटवर ई२० मिश्रण आणखी पातळ (हवा जास्त, इंधन कमी) करतं. त्यात कुठून चोरून हवा शिरली की संपलंच. कार्बोरेटरखालचं गॅसकेट, जाड इन्सुलेटर, व्हॅक्यूमच्या नळ्यांची टोकं तपासा. इंजिन आयडलला ठेवून स्प्रे बाटलीने या सांध्यांवर थोडं पाणी मारा, डिस्ट्रिब्युटरपासून लांब. आवाज बदलला की गळती तिथेच. कार्ब क्लीनरचा फवारा यासाठी वापरू नका, तो पेट घेतो.

चोक ओढल्यावर झडप पूर्ण मिटते का, हेही बघा. केबल ताणली गेली असेल तर नॉब बाहेर येतो, झडप मात्र अर्धी उघडीच. झडपेबरोबर लिंकने थ्रॉटलही थोडा उघडला पाहिजे. तो उघडत नसेल तर थंड इंजिन तग धरत नाही, आणि आपण उगाच चोकला दोष देतो.

तोवर सकाळी चोक पूर्ण ओढा, ॲक्सिलरेटर दोनदा दाबून सोडा आणि सेल्फ ७-८ सेकंदच मारा. मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर स्टार्टर तापतो, बॅटरी बसते. सुरू झाल्यावर चोक एकदम नको, टप्प्याटप्प्याने आत ढकला.

प्रश्न : थंडीत २०डब्ल्यू-५० ऑइलमुळे गाडी जड फिरते का?

उत्तर : थोडीशी फिरेल. पण २०डब्ल्यू (हा थंडीतल्या घट्टपणाचा दर्जा) ऑइलची सेल्फसाठीची चाचणी उणे १५ अंशांना घेतात, आणि आपल्याकडे तेवढी थंडी नाही. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल, तर आधी बॅटरी आणि इंजिनची अर्थिंग पट्टी बघा.