नफा डब्लिनला, काम मिहानला: वाचकांचे टॅक्सवरचे प्रश्न

प्रश्न: माझा मुलगा नागपूरच्या मिहानमध्ये एका अमेरिकन कंपनीच्या सेंटरला आहे. आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला, की अमेरिका बाहेरच्या नफ्यावरची टॅक्सची सूट काढून राहिली, म्हणून कंपन्या भारतातलं काम गुंडाळतील. आत्ताच फ्लॅट बुक केला, हप्ता सुरू झाला. खरं आहे का हे?
— एक आई, मनीषनगर

उत्तर: ताई, त्या मेसेजमध्ये दोन वेगळ्या भानगडी एकाच भांड्यात घातल्यात. नफ्यावरचा टॅक्स एक, आणि काम कुठे करवून घ्यायचं हे दुसरं.

2017 पर्यंत अमेरिकेत कंपन्यांना 35 टक्के टॅक्स होता आणि नियम असा की बाहेरच्या देशात कमावलेला नफा जोवर घरी आणत नाही तोवर त्यावर टॅक्स नाही. मग कोण आणेल घरी? पैसा बाहेरच साचत गेला, पण भारतात नाही बरं का, आयर्लंडमध्ये (डब्लिन ही त्याची राजधानी) जिथे 12.5 टक्के, बर्म्युडात जिथे तेव्हा काहीच नाही, अशा ठिकाणी. 2017 च्या शेवटी कायदा बदलला, घरचा दर 21 वर आला आणि बाहेरच्या नफ्यावर किमान टॅक्स लागला, साधारण 10.5 टक्के. जुलै 2025 च्या कायद्याने तो 2026 पासून साधारण 12.6 केला. म्हणजे सूट काढली नाही, थोडी आवळली.

आता तुमच्या मुलाच्या सेंटरचं बघा. अशी सेंटर्स बहुतेक 'कॉस्ट प्लस'वर चालतात, म्हणजे पगार, भाडं, वीज, कॅबचा खर्च धरून 100 रुपये झाले तर अमेरिकेतली मूळ कंपनी त्याला समजा 115 देते. वरचे 15 हाच भारतातला नफा, आणि त्यावर इथे 25.17 टक्के टॅक्स, म्हणजे पावणेचार रुपयांच्या आसपास. 25 हा आकडा अमेरिकेच्या 21 पेक्षाही मोठा आहे. अमेरिकेचा किमान टॅक्स विचारतो एवढंच की बाहेर पुरेसा टॅक्स भरला का, आणि इथे तो आधीच भरलेला असतो, मग तिथे या नफ्यावर वेगळं द्यायला फारसं काही उरतच नाही. टॅक्स वाचवायला कोणी नागपूरला येत नाही ताई, पगाराच्या फरकासाठी येतात. तो फरक या कायद्याने कमी झालेला नाही. मुलाच्या नोकरीला धोके असतील, एआयचा आहे, कंपनीच्या स्वतःच्या कटिंगचा आहे, पण हा मेसेजवाला त्यात नाही.

प्रश्न: पण मग ओबामा म्हणाले होते ना की टॅक्समुळेच नोकऱ्या बंगळूरला जातात? आमच्या सरांनी क्लासमध्ये सांगितलं.
— एक विद्यार्थिनी, धंतोली

उत्तर: म्हणाले होते, मे 2009 मध्ये. अमेरिकेतल्या बफेलोत नोकरी दिली तर जास्त टॅक्स आणि बंगळूरला दिली तर कमी, असा त्यांचा रोख होता. भाषणाला जोडी झकास, दोन्ही गावं 'ब'ची. पण बंगळूरला कमी टॅक्स हे तेव्हाही अर्धंच खरं होतं. आपल्याकडे सॉफ्टवेअर निर्यातीला सूट होती (ती मार्च 2011 ला संपली), त्यामुळे अगदीच हवेतलं नव्हतं, तरी मोठा पैसा बंगळूरच्या नावावर नव्हताच.

मोठा पैसा कसा पळतो ते सांगतो. समजा नागपूरच्या महाल भागातला एक सावजी मसालेवाला आहे. त्याने मसाल्याचं नाव आणि रेसिपी बिनटॅक्सच्या कुठल्यातरी बेटावरच्या स्वतःच्याच कंपनीच्या नावे केली, आणि दर पाकिटामागे तिला रॉयल्टी द्यायला लागला. मिरची इथेच कुटली जाते, ठसका इथल्याच लोकांना लागतो, पण नागपूरच्या पुस्तकात नफा दिसतच नाही, सगळा रॉयल्टीत बेटावर. सॉफ्टवेअर आणि औषध कंपन्या मसाल्याऐवजी पेटंट अन् कोड ठेवतात एवढाच फरक. युरोपियन कमिशनने (युरोपियन युनियनचा कारभार बघणारी संस्था) 2016 मध्ये ॲपलला आयर्लंडचा थकलेला 13 अब्ज युरो टॅक्स भरायला सांगितला तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की 2014 साली ॲपलच्या तिथल्या एका कंपनीने दर दहा लाख युरो नफ्यामागे फक्त 50 युरो टॅक्स दिला. गंमत म्हणजे आयर्लंड सरकारच म्हणत होतं आम्हाला नको तो पैसा! कोर्टात आठ वर्षं घासाघीस झाली आणि सप्टेंबर 2024 मध्ये युरोपच्या सर्वोच्च कोर्टाने कमिशनच्या बाजूने निकाल दिला.

सरांना एक गोष्ट मात्र सांग, टॅक्समुळे नोकरी बाहेर जायचा एक खराखुरा रस्ता होता. 2017 च्या कायद्यात बाहेरच्या देशातल्या कारखान्याच्या, मशिनरीच्या किमतीच्या 10 टक्के इतका नफा त्या किमान टॅक्समधून सुटत होता. म्हणजे परदेशात जेवढी मशिनरी जास्त लावाल तेवढी सूट जास्त! अमेरिकेत नोकऱ्या परत आणायच्या म्हणून आणलेला कायदा हा. आयटी सेंटरला याचा उपयोग शून्यच, तिथे खुर्च्या, लॅपटॉप आणि एसी, पण कारखान्यांसाठी ती चांगलीच चिरीमिरी होती. 2026 पासून ही सूट काढून टाकली.

प्रश्न: त्यांनी बाहेरचा पैसा स्वस्तात घरी आणू दिला तर तिकडे नोकऱ्या वाढतील आणि आपल्याकडचं काम जाईल, असं नाही का?
— निवृत्त बँक कर्मचारी, प्रतापनगर

उत्तर: काका, हा प्रयोग करून झालाय. 2004 मध्ये अमेरिकेने एकदाच्या सवलतीने फक्त 5.25 टक्क्यांवर पैसा आणायची परवानगी दिली. 300 अब्ज डॉलरहून जास्त आला. अट होती की हा पैसा शेअर बायबॅकला (म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घ्यायला), साहेबांच्या पगाराला वापरायचा नाही. तुम्ही बँकेत होता, तुम्हाला सांगायला नको की एकदा खात्यात पडल्यावर कोणती नोट कोणती ते ओळखू येत नाही. 2011 च्या सिनेट (अमेरिकन संसदेचं वरचं सभागृह) उपसमितीच्या रिपोर्टमध्ये दिसलं की सगळ्यात जास्त पैसा आणणाऱ्या 15 कंपन्यांनी मिळून जवळपास 21 हजार नोकऱ्या कमी केल्या. 2017 ला परत तेच, फक्त सक्तीने, रोख पैशावर 15.5 टक्के, बाकीवर 8. पैसा कमी पडतो म्हणून नोकऱ्या थांबल्या होत्या असं कधी नव्हतंच, त्यांच्याकडे पैसा पडूनच होता.

प्रश्न: मिहानमध्ये टॅक्सच लागत नाही ना? मग 25 टक्के कुठून आणले?
— खापरीहून एक वाचक

उत्तर: भाऊ, लागतो. मिहानच्या एसईझेडमधल्या (निर्यातीसाठीच्या विशेष आर्थिक क्षेत्रातल्या) युनिटला निर्यातीच्या नफ्यावर पहिली 5 वर्षं पूर्ण सूट, पुढची 5 वर्षं निम्मी, आणि त्यापुढे 5 वर्षं नफा परत धंद्यात घातला तर निम्मी, असा नियम होता. 2011 पासून त्यावरही किमान टॅक्स, म्हणजे मॅट लावला. आणि मार्च 2020 नंतर सुरू होणाऱ्या नव्या युनिटला ही सूट बंद, कोविडमुळे काहींना थोडी मुदत मिळाली तेवढीच. जुन्या युनिटचं मीटर अजून चालू असेल, पण ज्या कंपनीने 22 टक्क्यांचा नवा दर घेतला (सरचार्ज-सेस धरून तोच 25.17) तिला ही सूट सोडावी लागते. दोन्ही हातात लाडू मिळत नाहीत.

प्रश्न: गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये आहे. आम्ही व्हेंडर कंपनी, क्लायंट अमेरिकन. तो 25 टक्केवाला 'हायर' कायदा आला तर आमचं काय?
— एक टेस्टर

उत्तर: हां, हा प्रश्न खरा. सिनेटर बर्नी मोरेनो यांनी सप्टेंबर 2025 मध्ये हे बिल मांडलं. यात नफ्याचा संबंध नाही, थेट तुमच्या इन्व्हॉइसवर हात. अमेरिकन कंपनी आज तुम्हाला 100 डॉलर देते, तो खर्च वजा करते, 21 टक्के टॅक्स वाचतो, म्हणजे खिशातून खरे 79 गेले. बिलाप्रमाणे 25 डॉलर वेगळा कर, आणि 100 ची वजावटही गेली, म्हणजे 125. 79 चे 125 झाल्यावर कुठला क्लायंट तुमच्या मॅनेजरला फोन करून रेट पाडायला सांगणार नाही? मिहानवाल्या ताईंच्या मुलालाही हे लागू होईल, म्हणून त्यांनीही हे वाचावं. पण बिल मांडणं वेगळं आणि पास होणं वेगळं. बाहेर काम हलवायच्या खर्चाची वजावट बंद करणारं साधंसं बिल 2012 ला सिनेटमध्ये अडकलं, 2014 ला परत आणलं, परत अडकलं, आणि ते याच्यापुढे चिल्लर होतं. तिथल्या मोठ्या बँका, विमा कंपन्या, हॉस्पिटल्स यांचंही बॅक ऑफिस इकडेच आहे, ते गप्प बसणार नाहीत.

तरी तिकडचा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. ओहायोत ज्याची नोकरी गेली त्याला टॅक्सचा तक्ता दाखवून काय उपयोग.

प्रश्न: आमची इतवारीत भागीदारी फर्म आहे, किराणा होलसेल. आम्ही 30 टक्के भरतो, वर सेस. अन् ह्या मोठ्या कंपन्या 22. काहून?
— एक व्यापारी

उत्तर: काहून म्हणजे, 20 सप्टेंबर 2019 ला सरकारने कंपन्यांचा दर 30 वरून 22 केला, सरकारी अंदाजानेच 1 लाख 45 हजार कोटींचा महसूल सोडला, आणि फर्मला विसरले. कारण सांगितलं गुंतवणूक येईल, बाकी देशांचे दर कमी आहेत. सगळेच देश एकमेकांकडे बघून दर उतरवतात, म्हणून तर 2021 मध्ये 136 देशांनी 15 टक्क्यांचा तळ ठरवला. पण तो आहे मोठ्यांचा, 75 कोटी युरोच्या वरच्या उलाढालीचा. इतवारीचा त्यात नंबर नाही.

एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करून फायदा नाही शेठ, तिथेही 30 च. प्रायव्हेट लिमिटेड केली तर 22 मिळेल, पण नफा डिव्हिडंड म्हणून घरी न्याल तेव्हा तुमच्या स्लॅबने परत टॅक्स लागेल, 2020 पासून तसं आहे. नफा धंद्यातच ठेवणार असाल तरच परवडतं, आणि दर वर्षी ऑडिट, आरओसीचे (कंपनी रजिस्ट्रारचे) फॉर्म, हे वेगळंच. आधी सीएकडून घरी किती नेता आणि दुकानात किती ठेवता याचा मागच्या तीन वर्षांचा हिशोब काढून घ्या.