एकाच आडनावाच्या घराण्यांचा शोध मोफत घेऊन देण्याचं काम कसं चालवावं?

तुम्ही चोपड्याकडचे. आजोबांच्या वहीवरून स्वतःच्या घराच्या पाच पिढ्या लावल्यात, आता त्याच आडनावाच्या कुणालाही फुकट मदत करावी असं वाटतं. सुरुवात कुठून करावी, पैसे घ्यावेत का आणि एकट्याला झेपेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी हे अकरा वर्षं करते आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, धुळ्याला राहते. माझ्याकडे एकच आडनाव आहे, बोरसे. ते माझं माहेरचं. सासरचं आडनाव वेगळं आहे आणि त्याचं काम मी करत नाही, कारण दोन आडनावं एका माणसाच्यानं होत नाहीत.

पैशाचं आधी सांगते. मी रुपया घेत नाही. कचेरीतल्या नकलेची फी ज्याची त्यानं परस्पर भरायची, माझा एसटीचा खर्च माझा. पण येणाऱ्याकडून एक गोष्ट मी आधी घेते: घरात आठवतील तितक्या पिढ्यांच्या लेकींची आणि सुनांची नावं, लेक कोणत्या गावी दिली, सून कोणत्या गावची आणली. हे लिहून मिळाल्याशिवाय मी वही उघडत नाही.

यामागे माझी कळकळ आहेच, पण कामाचं कारण त्याहून मोठं आहे. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवत. त्यामुळे देवचंद वल्द (म्हणजे अमक्याचा मुलगा) रामजी, रामजी वल्द देवचंद, पुन्हा देवचंद वल्द रामजी, अशी साखळी चालते. तीन मैलांवरच्या दुसऱ्या गावात दुसरा देवचंद वल्द रामजी निघतो. कागदावर दोघांत फरक करायला काहीच नसतं. फरक करते ती बायको. एकाची बायको सोनगीरची, दुसऱ्याची बेटावदची, एवढं कळलं की गुंता सुटला. पुरुषांच्या नावांची नुसती शिडी पाठवणाऱ्याला मी म्हणूनच थांबवते.

लहानपणची एक गोष्ट सांगते, माझ्या कामाची पद्धत तिथूनच आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, ही आमची खान्देशातली देवी, बसायची. तिच्या प्रसादाच्या रोटांसाठी गहू मोजताना आजी घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेई आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ टाकी. आधी आजोबा, मग काका, चुलते, भाऊ, पाळण्यातलं पोरगंसुद्धा. मी विचारलं, माझी मूठ? आजी म्हणाली, तुझी मूठ तुझ्या सासरी. सासरी आले तेव्हा पाहिलं, तिथंही नाव घेऊन मूठ पडायची ती नवऱ्याची, दिराची, सासऱ्यांची. दोन्ही घरच्या मोजणीत मी नव्हते.

तरी सांगते, ती मोजणी म्हणजे घराण्याची तोंडी खानेसुमारी आहे. रोट भाऊबंदकीबाहेर देत नाहीत, त्यामुळे कोण आपला आणि कोण नुसता आडनावबंधू, याचा निवाडा गावानं पिढ्यान्‌पिढ्या आधीच करून ठेवलेला असतो. सुरतेला उधन्यात, लिंबायतमध्ये राहणारे, पुण्या-मुंबईकडचे, सगळे त्या दोन दिवसांत गावी येतात. तुम्हाला गाव गाठायचं असेल तर श्रावणातला तो रविवार-सोमवार गाठा. ज्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडून नावं निघतात तिच्याजवळ बसा आणि ती ज्या क्रमानं बोलते त्याच क्रमानं उतरवा. तो क्रम बहुतेक वेळा थोरल्या-धाकट्या पातीचा, म्हणजे घराण्याच्या शाखेचा असतो. पुरुष ओसरीवर बसून वतनाच्या गोष्टी सांगतील, त्याही ऐका. नातं मात्र आत चुलीपाशी कळतं.

आता आडनावाविषयी. एकच आडनाव धरून जगभरातल्या त्याच्या सगळ्या नोंदी गोळा करायच्या, ही पद्धत मूळची इंग्लंडमधली. ‘गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज’ ही तिथली संस्था 1979 पासून हेच करते, आणि जो सभासद एखादं आडनाव आपल्या नावावर नोंदवतो त्यानं त्या आडनावाबद्दल आलेल्या चौकशीला उत्तर द्यायचं असा तिचा नियम आहे. तो नियम मला मनापासून पटला, मी तो पाळते. पण तिथं सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी 1837 पासून आहे आणि आडनावं त्याच्या कितीतरी आधी पक्की झालेली. खान्देशात आडनाव हा इतका भरवशाचा खुंटा नाही. जुन्या कागदात ‘दगा वल्द सुका’ आणि पुढे जात, एवढंच असतं. आडनाव नसतंच. किंवा घरात पाटीलकी होती म्हणून सगळे ‘पाटील’ लावू लागले. 1962 च्या कायद्यानं महसुली पाटलाचं पद गेलं, आडनावातलं पाटील राहिलं. माझ्या वहीतली निम्मी घरं आज बोरसे लावत नाहीत. उलट बोरसे लावणारे एकाहून जास्त जातींत आहेत. कुणी म्हसदीच्या धनदाईला जातं, कुणी पाटणच्या आशापुरीला, कुणी धुळ्याच्या एकवीरेला. आडनाव एक म्हणून रक्त एक, असं समजू नका आणि येणाऱ्याला समजू देऊ नका. मूळगाव, कुलदैवत, देवक आणि सोयरीक या चार गोष्टी जुळल्याशिवाय मी दोन घरं एका झाडावर घेत नाही.

हे मी एक चूक करून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका घरानं मला स्थळ आल्याचं सांगितलं. मुलाकडचे पाटील लावत होते, मूळचे बोरसे. माझ्या वहीत दोन्हीकडे खापरपणजा एकाच नावाचा, त्याचा बापही एकाच नावाचा, गावं शेजारची. मी ‘भावकी निघते’ म्हणून सांगून टाकलं. सोयरीक मोडली. दोन वर्षांनी कोतवाल बुकात त्या दोघांच्या मृत्यूच्या नोंदी सापडल्या. साल वेगळं, वय वेगळं, माणसं वेगळी. मुलगी तोवर दुसरीकडे दिली होती. मी त्या घरी जाऊन सांगितलं आणि माफी मागितली. त्या माउलीनं चहा दिला, काही बोलली नाही. ते घर मला आजही आठवतं.

तेव्हापासून वहीत शाई आणि पेन्सिल वेगळी. कागद डोळ्यांनी पाहिला असेल तेवढंच शाईनं. कुणी सांगितलं ते पेन्सिलीनं, आणि बाजूला सांगणाऱ्याचं नाव नि तारीख. माझा स्वतःचा अंदाज झाडावर येतच नाही, तो मागच्या पानावर राहतो. ज्याला उत्तर पाठवते त्यालाही हे तीन भाग वेगवेगळे दिसतील असंच पाठवते.

कागद कुठले, तर तालुक्याच्या अभिलेख कक्षातलं गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. 1969 चा नोंदणी कायदा येण्याआधीचा हा मुख्य आधार. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव शोधू नका. बारशाच्या आधीच नोंद व्हायची, त्यामुळे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि बापाचं नाव एवढंच मिळतं. 1918 च्या शेवटच्या महिन्यांची पानं मात्र मन घट्ट करून उघडा. एकेका घरातली तीन-तीन माणसं आठवड्याभरात गेलेली असतात आणि कारणाच्या रकान्यात नुसतं ‘ताप’. ती इन्फ्लुएंझाची साथ. एखादी पात अचानक संपलेली दिसली किंवा नातू मामाच्या गावी वाढलेला दिसला, तर पहिल्यांदा हे साल पाहा, मग 1899-1900 चा, म्हणजे विक्रम संवत 1956 चा, छप्पनचा दुष्काळ.

नावंही बोलतात. उखा, उखर्डू, दगा, भिका ही नावं आईबापांनी हौसेनं ठेवलेली नसत. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून या पोराला दगड म्हणा, उकिरड्यावरचा म्हणा, म्हणजे दृष्ट लागणार नाही, अशी ती समजूत. उखा दिसला की मी त्याच्या आधीच्या पाच-सात वर्षांच्या मृत्यूंच्या नोंदी चाळते. बहुतेकदा त्याची गेलेली भावंडं तिथं सापडतात. त्यांनाही मी झाडावर जागा देते.

शाळेचं जनरल रजिस्टर माझ्या हातातलं काम होतं, त्यावर अधिकारानं बोलते. 1 जून ही जन्मतारीख खरी धरू नका. बाप म्हणायचा, ‘सहा वर्साना व्हई’, आणि गुरुजी जूनची पहिली तारीख टाकायचे. रजिस्टरमधलं जन्मस्थळ मात्र मोलाचं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणून थोरल्या मुलाचं जन्मस्थळ म्हणजे पुष्कळदा आईचं माहेर.

तुमचं गाव पूर्व खान्देशातलं, म्हणून 1906 नंतरचं जळगावला पाहा. त्याआधी जिल्हा एकच होता आणि ठाणं धुळे. नंदुरबार तर 1998 साली धुळ्यातून वेगळा झाला. मालेगाव-बागलाणकडचा धागा लागला तर ध्यानात ठेवा, तो मुलूख 1869 मध्ये नाशिक जिल्हा होईपर्यंत खान्देशातच होता. जुनं दफ्तर मोडीत आहे. मोडी शिका, तीन-चार महिन्यांत हात बसतो. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द सुटे लिहिलेले नसतात, म्हणून नावावर घाईनं बोट ठेवू नका. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाची पायरी एकदा चढा. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि 1927 मध्ये हे मंडळ उभं राहिलं. गावोगाव हिंडून दफ्तरं गोळा करणाऱ्या माणसाचं काम तिथं पाहिलं की आपल्या कष्टांचं काही वाटत नाही.

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थपुरोहितांच्या नामावळ्याही आहेत. तिथं आडनावाच्या आधी गाव सांगा. पिढ्यांमागे आपलाच माणूस अस्थी घेऊन आलेला असतो आणि त्यानं बापाचं, आज्याचं, भावांचं नाव सांगून सही किंवा अंगठा केलेला असतो. दक्षिणा द्या, फोटो विचारून काढा.

आता ज्या कागदाबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचंय तो फेरफार. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली त्याची ही नोंदवही. जुन्या फेरफारात माणूस वारला की मुलांची नावं लागत. विधवा असेल तर ‘अमकी कोम तमका’, म्हणजे तमक्याची बायको. लेकी दिसत नाहीत. 1956 च्या वारसा कायद्यानंतर वारसांत त्या दिसू लागतात. मी एकेका घराचे फेरफार लावून पाहिले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, तिनं मला कित्येक रात्री झोप लागली नाही. वारस नोंदीत लेकीचं नाव येतं आणि त्याच्या पुढच्याच फेरफारात हक्कसोडपत्रानं ते जातं. आयुष्यात तिचं नाव घराण्याच्या कागदावर एकदाच लागतं, तेही सोडून देण्यासाठी. पण त्या एका नोंदीत तिचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं गाव, सगळं असतं. संशोधकाला याहून नेमकी नोंद नाही. मी हे फेरफार आधी मागते.

त्यामुळेच काही घरं मला दारातून परत पाठवतात. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क आहे, आणि लेकींची नावं लिहिणारी बाई वाटणीचं भांडण लावायला आली असं वाटतं. एका आजोबांनी सरळ विचारलं, ‘आंडेरनं (लेकीचं) नाव कसाले लिखस व माय?’ मी म्हटलं, बाबा, तुमची माय कुणाची आंडेर होती? ते बराच वेळ गप्प बसले, मग आईच्या माहेरचं गाव सांगितलं, मामांची नावं सांगितली. कुणाच्या वाटणीत मी पडत नाही, एका घराचा कागद दुसऱ्याला दाखवत नाही आणि हयात माणसाची जन्मतारीख नि फोन नंबर कुठंच देत नाही. हे पहिल्याच भेटीत सांगा आणि पाळा. पाट लागलेल्या बाया, दत्तक गेलेली मुलं, यांच्या नोंदी घरच्यांना विचारूनच पुढे द्या.

2023 मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेल्यापासून जुन्या नोंदी शोधणाऱ्यांची रीघ लागली आहे. तुमच्याकडेही येतील. जात पडताळणीला इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आणि अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा पाहतात. नोंद कुठं असू शकते एवढं मी सांगते, पुढचं काम त्यांचं. मला दोनदा पैसे पुढे करून वंशावळीत एक नाव ‘बसवून’ मागितलं गेलं. पैसे न घेण्याचा माझा नियम तेव्हा उपयोगी पडला. घेत असते तर नाही म्हणणं जड गेलं असतं.

एकट्याला झेपेल का? महिन्याला दोन चौकशा घेतल्यात तर झेपेल. बाकीच्यांना तारीख देऊन थांबवा. वह्यांची एक प्रत घराबाहेर ठेवा. एका कचेरीतलं रजिस्टर मी पाहिलं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात वाळवीनं गेलं. आता त्या गावाच्या त्या काळातल्या नोंदी माझ्या वहीत आहेत तेवढ्याच.

तुमच्या पाच पिढ्यांत कुणी माहेरची बोरसे आलेली असेल तर तिचं नाव, गाव आणि अंदाजे साल मला इथंच कळवा. चोपडा तालुक्यात दिलेल्या आमच्या सात लेकींची सासरं मला अजून सापडलेली नाहीत.