भिंतीला टेकून उभा राहिलेला शिक्षक

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आठवीच्या वर्गात पाऊल टाकलं की बाकं वाजतात, फळ्याकडे वळलीस की मागून शिट्ट्या येतात, आणि दिवाळीनंतर नोकरी सोडावी असं मनात घोळतंय. वर्ग ताब्यात कसा ठेवायचा, असं तू विचारलंयस. तशी युक्ती मला ३४ वर्षांत सापडली नाही. पण अशा वर्गात उभ्या राहिलेल्या एका माणसाची गोष्ट मला माहीत आहे. ती तुला सांगते.

डीट्रिख बोनहोफर. नाझींना विरोध केला म्हणून फासावर गेलेला जर्मन लूथरन पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, एवढीच त्याची ओळख बहुतेकांना असते. माझ्यासाठी तो आधी शिक्षक आहे. वडील बर्लिनमधले नामवंत मानसोपचारतज्ज्ञ, घर सुखवस्तू. २१ व्या वर्षी ईश्वरविज्ञानात डॉक्टरेट. १९३१ साली तो बर्लिन विद्यापीठात व्याख्यानं देऊ लागला आणि त्याच सुमारास उत्तर बर्लिनच्या कामगार वस्तीतल्या झिऑन चर्चमध्ये मुलांचा एक वर्ग त्याच्याकडे आला. दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा झालेली मुलं मोठी झाल्यावर चर्चमध्ये स्वतः श्रद्धा जाहीर करतात त्या विधीच्या तयारीचा वर्ग, पन्नासेक मुलगे. त्या हिवाळ्यात जर्मनीत ६० लाखांच्या वर लोक बेकार होते. त्यांतल्या कितीतरी मुलांचे बाप घरी बसलेले असणार.

पहिल्या दिवशी तो जिना चढत असताना वरून पोरांनी त्याच्या अंगावर कचरा टाकला. वर्गात शिरल्यावर त्याच्या नावाचा पहिला तुकडा धरून सगळे ओरडायला लागले, ‘बोन! बोन!’ तो खिशात हात घालून भिंतीला टेकून उभा राहिला. रागावला नाही, समजूतही घातली नाही. काही मिनिटं तशीच गेली. मग पुढच्या रांगेलाच ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात तो बोलायला लागला. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या कृष्णवर्णीय लोकांबद्दल. त्यांच्यात तो नुकताच वावरून आला होता. मागच्यांना ऐकू येईना, म्हणून ते गप्प झाले. ऐकलंत तर पुढच्या वेळी आणखी सांगेन, एवढं म्हणून त्याने वर्ग सोडला.

इथेच थांबू नकोस. आवाज खाली आणणं तू उद्या करून बघशील, आणि ते दोन दिवस चालेलही. त्याने पुढे जे केलं ते मला मोठं वाटतं. आईवडिलांचं प्रशस्त घर असताना त्याने त्याच वस्तीत भाड्याने खोली घेतली. संध्याकाळी मुलांनी केव्हाही यावं. ती यायची, बुद्धिबळ खेळायची, थोडं इंग्रजी शिकायची. तो त्यांच्या घरी जाई. सुट्टीत त्यांना शहराबाहेर घेऊन जाई. दृढीकरणाच्या दिवशी घालायला धड कपडे नाहीत हे कळल्यावर त्याने कापडाचा मोठा तागा विकत आणला आणि एकेकाला सुटापुरतं कापड कापून दिलं.

मी नोकरीच्या चौथ्या वर्षी एका मुलाला रोज उशिरा येतो म्हणून दाराबाहेर उभं करत होते. तो पहाटे घरोघर दूध टाकून शाळेत येतो, हे मला जूनपासून फेब्रुवारीपर्यंत माहीत नव्हतं. ते दार अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

बोनहोफर चुकला नाही असं समजू नकोस. १९३३ च्या एप्रिलमध्ये त्याच्या जुळ्या बहिणीचे सासरे वारले. ते ज्यू होते. अंत्यविधी त्याने करावा अशी घरच्यांची इच्छा होती. त्याने वरिष्ठांना विचारलं, त्यांनी नको म्हटलं, आणि त्याने नकार दिला. त्याच वर्षी पुढे लंडनहून त्याने बहिणीला आणि मेव्हण्याला पत्र लिहून क्षमा मागितली; आपण इतके घाबरलो कसे, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. त्याचं नंतरचं सगळं धाडस या पत्राशेजारी ठेवून वाचावं असं मला वाटतं.

लोकांनी एकत्र राहून शिकावं, हा त्याचा ध्यास होता. त्यासाठी त्याला हिंदुस्थानात गांधीजींजवळ येऊन राहायचं होतं. गांधीजींनी १ नोव्हेंबर १९३४ ला उत्तरही धाडलं: परतीच्या प्रवासाचे पैसे आणि इथला माणशी महिना शंभर रुपये खर्च झेपत असेल तर केव्हाही या, मी तुरुंगाबाहेर आणि एका जागी असलो तर माझ्याजवळच राहाल. ते येणं झालं नाही, याची मला अजून हळहळ वाटते. येणं राहिलं, कारण हिटलरला न जुमानणाऱ्या कन्फेसिंग चर्चने तरुण पाळक घडवायचं काम १९३५ मध्ये त्याच्यावर सोपवलं. आधी झिंग्स्ट आणि मग फिंकेनवाल्डे या गावी गुरू आणि विद्यार्थी एकाच घरात राहत. सुरुवातीलाच एकदा स्वयंपाकघरातून भांडी घासायला मदतीसाठी हाक आली. कुणी उठेना. बोनहोफर उठला, आत गेला. ओशाळून मागून आलेल्यांना त्याने दार उघडलं नाही. नंतर त्याबद्दल अवाक्षरही काढलं नाही. हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, गेस्टापोने, १९३७ मध्ये ते घर बंद केलं, तरी तो लपूनछपून शिकवत राहिला.

सोडून जाण्याचा मोह त्यालाही झाला होता. जून १९३९ मध्ये मित्रांनी त्याला सुखरूप न्यूयॉर्कला पोचवलं. महिनाही न राहता तो परत फिरला. हे दिवस आपल्या माणसांबरोबर काढले नाहीत, तर युद्धानंतर जर्मनीतलं ख्रिस्ती जीवन पुन्हा उभारण्यात भाग घ्यायचा मला हक्क राहणार नाही, असं त्याने तिथल्या प्राध्यापक नीबूर यांना कळवलं. एप्रिल १९४३ मध्ये त्याला अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ ला फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी. वय ३९. दोन आठवड्यांनी अमेरिकन सैन्य तिथे पोचलं.

तू राहावंस की सोडावंस हे मी ठरवणार नाही. तुझ्या घरची ओढाताण मला ठाऊक आहे. पण शिट्टी वाजवणारा, खिडकीजवळचा तो मुलगा... तुझ्या चार पानी पत्रात त्याचं नाव कुठेच नाही. तो कुठे राहतो ते आधी शोध. शनिवारी शाळा लवकर सुटते ना? त्याच्या घरी जाऊन ये. तक्रार सांगायला नको, नुसती जा. चहा दिला तर घे. आणि रविवारी मला फोन कर, मी घरीच आहे.

तुझ्या,
बाई