वाचकांचे प्रश्न : शंभर वर्षांपूर्वीचे रिव्हॉल्व्हर आणि परवाना

प्रश्न : माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात ११०व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते व मेसोपोटेमियात लढले. त्यांची आठवण म्हणून त्या काळचे वेब्ली हे ब्रिटिश बनावटीचे रिव्हॉल्व्हर संग्रहात ठेवावे, अशी इच्छा आहे. जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याने एक नग दाखवला असून, तो शंभर वर्षांहून जुना असल्यामुळे परवाना लागत नाही, असे तो सांगतो. घ्यावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : घेऊ नये, नीट पाहण्यासाठी म्हणूनही घरी आणू नये. शंभर वर्षांची अट पुरावशेषांसंबंधीच्या १९७२ च्या कायद्यातली आहे. शस्त्रांना १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू होतो आणि त्याच्या ४५व्या कलमातील सवलत वयावर ठरत नाही. कालबाह्य बनावटीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा नादुरुस्त शस्त्र दुरुस्ती करूनही चालवता येण्याजोगे नसेल, तरच ते त्या कायद्याबाहेर राहते. वेब्लीची घडण इतकी भक्कम आहे की शतकानंतरही तिचा घोडा आणि चाप बहुधा शाबूत असतात.

आपल्या बाबतीत आणखी एक मोठी अडचण आहे. ब्रिटिश सैन्याने १९१५ मध्ये स्वीकारलेले वेब्ली मार्क सहा हे .४५५ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप) आहे आणि .४५५ ची काडतुसे चालणारी रिव्हॉल्व्हरे आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात, त्यामुळे जिल्हादंडाधिकाऱ्यांचा साधा परवाना तेथे उपयोगी पडत नाही व केंद्र सरकारची खास मंजुरी लागते. तिच्याविना असे शस्त्र बाळगल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, किमान ७ व कमाल १४ वर्षे कैदेची तरतूद आहे. नळी स्वतः बुजवून किंवा कापून ते निकामी करण्याचा विचारही करू नये, कारण तोवर शस्त्र आपल्या बेकायदा ताब्यात आलेले असते आणि नळी कापणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो.

जुने रिव्हॉल्व्हरच हवे असेल, तर वेब्ली अँड स्कॉट या कंपनीचीच .३२ बोअरची जुनी रिव्हॉल्व्हरे परवान्यावर घेता येतात. आधी परवाना, मग शस्त्र, हा क्रम पाळावा. एका व्यक्तीला आता दोनच बंदुका ठेवता येतात, हेही संग्रहाची आखणी करताना ध्यानात घ्यावे. परवानाधारक विक्रेत्याकडून घेणे सोपे. खासगी मालकाने मात्र विक्रीचा इरादा जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते, आणि जो मालक याला टाळाटाळ करतो त्याच्याशी व्यवहार करू नये.

नग पाहताना चौकटीवरील (नळी व मूठ जोडणाऱ्या मुख्य सांगाड्यावरील) क्रमांक परवान्यातील क्रमांकाशी अक्षरशः जुळवावा. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमला शस्त्राची चाचणी झाल्यावर त्यावर उमटवलेले शिक्के ठसठशीत आहेत का ते पाहावे. कडा गोलसर झाल्या असतील, अक्षरे पुसट असतील आणि वरचा निळा-काळा रंग मात्र नवाकोरा दिसत असेल, तर पृष्ठभाग घासून पुन्हा रंगवलेला आहे असे समजावे. माझ्या मते झिजलेला पण मूळचा रंग संग्राहकासाठी कितीतरी मोलाचा असतो.

पणजोबांच्या आठवणीविषयी एक सुचवावेसे वाटते. पलटणीतल्या शिपायाच्या हाती रायफल असे; रिव्हॉल्व्हर प्रामुख्याने अधिकाऱ्यांकडे असत. त्या युद्धातील ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर मात्र सैनिकाचे नाव, क्रमांक व पलटण उमटवलेली असते, तेव्हा घरातल्या जुन्या ट्रंका आधी उघडून पाहाव्यात.