जपानला निघालेल्या ब्रदरला

तू तीन गोष्टी विचारल्यास: जपानमधला पहिला नाताळ कसा जातो, त्या सुट्टीत घरी येऊ देतात का, आणि सोबत काय न्यावं. वय चोवीस, गाव वसई, येत्या सप्टेंबरात तीन वर्षांसाठी निघायचं आहे, असंही लिहिलंस. मीसुद्धा २००६ च्या सप्टेंबरात, चोवीसाव्या वर्षी, वसईहूनच नागोयाला आलो होतो, सेमिनरीतला ब्रदर, म्हणजे फादर होण्यासाठी शिकणारा म्हणून. तुला आधीच सांगून टाकतो, मी फादर झालो नाही. २०१० मध्ये मिशनऱ्यांचा आमचा धर्मसंघ सोडला, इथेच राहिलो, लग्न केलं, आता एक मुलगी आहे. वसईत काही जण अजून म्हणतात की जपानने पोरगा घालवला. ते खरं नाही. पण तुझे प्रश्न वाचल्यापासून दोन रात्री धड झोपलेलो नाही, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

व्हिसा, विमा, भाषेची शाळा हे सगळं तुझा संघ तुला सांगेल. ते मी सोडून देतो.

इथे २५ डिसेंबरला सुट्टी नसते. हे तू कुठेतरी वाचलं असशील, पण वाचणं वेगळं आणि त्या दिवशी सकाळी साडेसातला खिडकीतून लोक कामाला जाताना बघणं वेगळं. दुकानांत नोव्हेंबरपासून दिवे आणि झाडं असतात, कॅरल वाजतात, १९७४ च्या एका जाहिरातीपासून केएफसीच्या चिकनची प्रथा पडलेली आहे, स्ट्रॉबेरीचा पांढरा केक घरोघरी जातो. येशूचं नाव त्यात कुठेच नसतं. लोकसंख्येच्या जेमतेम एक टक्का ख्रिस्ती. बाकीच्यांसाठी २४ ची रात्र प्रेमी जोडप्यांची किंवा लहान मुलांची. २५ च्या रात्री दुकानदार झाडं उतरवतात आणि २६ च्या सकाळी त्याच जागी नव्या वर्षाचे बांबू आणि पाइनच्या फांद्या उभ्या असतात. आपला नाताळकाळ तर तेव्हा कुठे सुरू झालेला असतो. पहिल्या वर्षी मला सगळ्यात जास्त हेच लागलं. २५ ला रात्री नऊ वाजता कोपऱ्यावरच्या दुकानात तो केक निम्म्या किमतीत लावला होता. मी एक घेतला, खोलीत नेला आणि उभ्याउभ्याच खाल्ला. त्याची चव मला आजही नको वाटते.

२४ ची संध्याकाळ मात्र सुंदर असते, तिला घाबरू नकोस. शेवटच्या गाड्या चुकू नयेत म्हणून मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लवकर असते, आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) सात वाजता होती. चर्च छोटं, दोन कोपऱ्यांत रॉकेलचे स्टोव्ह, त्यांचा वास कपड्यांना लागायचा. मला दारात उभं केलं होतं, येणाऱ्या प्रत्येकाला मेणबत्ती आणि गीतांचा कागद द्यायला. मेणबत्तीला कागदी पेला लावलेला, मेण हातावर पडू नये म्हणून. आलेल्यांत निम्म्याहून जास्त लोक बाप्तिस्मा न घेतलेले. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी तेही रांगेत येतात, गीतांचा कागद हातात धरून मान खाली घालतात, म्हणजे फादरांना कळतं की यांना फक्त आशीर्वाद द्यायचा आहे. सूट घातलेला एक माणूस आशीर्वाद घेऊन परत जागेवर गेला आणि सगळे निघून गेल्यावरही विझलेली मेणबत्ती धरून बसून राहिला. आम्ही दिवे घालवायला लागलो तेव्हा उठला, मला वाकून नमस्कार केला आणि गेला. तीनही वर्षं तो आला. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मिशनरी म्हणून विचारायला हवं होतं की तसंच राहू देणं बरोबर होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता फोन. जपान आपल्या साडेतीन तास पुढे. वसईत मध्यरात्रीची मिस्सा आटोपून मंडळी घरी येईपर्यंत दीड वाजतो, म्हणजे इथे पहाटेचे पाच. २००६ मध्ये मी दुकानातून एक हजार येनचं फोन कार्ड आणून ठेवलं, खरवडून नंबर काढला आणि पाच वाजता गॅलरीतल्या थंडीत फोन लावला. पलीकडे आमच्या ओटीवरचा सगळा गोंगाट. कुणीतरी येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याच्या दिव्यांची माळ लागत नाही म्हणून ओरडत होतं. भाऊ बोलला, मग आत्या, मग शेजारचे दोघं, मग बाबा. बाबांनी एवढंच विचारलं, "थंडी किती आहे?" मी म्हटलं, दोन डिग्री. ते म्हणाले, "बाप रे." मग आईच्या हातात फोन गेला आणि कार्ड संपलं. ती सगळ्यांना आधी बोलू देत थांबली होती. तुमच्याकडे आता व्हिडिओ कॉल आहेत, कार्ड संपत नाहीत. तरी एवढं कर, घरी सांगून ठेव की फोन आधी आईला द्या.

तुझा दुसरा प्रश्न, घरी येऊ देतात का. आमच्या वेळी तीन वर्षांच्या प्रशिक्षणात नाताळाला घरी जायची पद्धत नव्हती आणि मला तो नियम मान्य होता. पहिला नाताळ जिथे पाठवलंय तिथेच काढावा असं मी आजही म्हणेन. पण यापुढचं नीट वाच.

त्या काळी जपानबाहेर जायचं असेल तर आधी इमिग्रेशनच्या कचेरीत जाऊन पुनर्प्रवेशाचा परवाना काढावा लागे. एका खेपेचे तीन हजार येन, अनेक खेपांचे सहा हजार. परवान्याशिवाय देश सोडला की व्हिसा गेलाच. मी आल्याआल्याच विचारलं होतं की परवाना काढून ठेवू का. आमच्या संघाच्या घराचा हिशेब बघणारे म्हणाले, तीन वर्षं कुठे जायचंच नाही तर कशाला खर्च? रास्त वाटलं, मी विषय सोडला.

२००७ च्या २५ डिसेंबरला बाबांचा आवाज घोगरा होता. २६ ला भावाने कळवलं की त्यांना दवाखान्यात ठेवलंय, घाबरण्यासारखं नाही. मी परवान्याचं पुन्हा विचारलं. उत्तर मिळालं, नवीन वर्ष होऊ दे, मग बघू. मी "बरं" म्हटलं. २७ आणि २८ हे दोन दिवस कचेरी उघडी होती. सायकलने पंचवीस मिनिटांचं अंतर. २९ डिसेंबर ते ३ जानेवारी इथल्या सगळ्या सरकारी कचेऱ्या बंद असतात. ३० ला, रविवारी, पवित्र कुटुंबाचा सण होता. मिस्सा संपवून बाहेर आलो तेव्हा भावाचा निरोप आलेला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांना माती दिली.

परवाना हातात असता तरी मातीला पोहोचलो असतो का? दोन विमानं बदलून, त्या गर्दीत, बहुधा नाही. पण महिन्याच्या मिस्सेला असतो, आईजवळ बसलो असतो. तेव्हा मला सांगण्यात आलं की आता जाऊन काय उपयोग, प्रशिक्षण संपल्यावर जा. यालाही मी "बरं" म्हटलं. वरिष्ठांचा राग यायचा तो कधीचा संपला. ते वाईट नव्हते, त्यांच्या पिढीतले मिशनरी दहा-दहा वर्षं घरी गेले नव्हते. राहिलंय ते माझं "बरं". आज्ञापालनाचं व्रत घेतलेल्याने बोलूच नये असा त्याचा अर्थ मी लावला होता, आणि तो अर्थ मला कुणी शिकवलेला नव्हता. शेवटी २००९ मध्ये परवाना काढायला गेलो. तीन हजार येनचं तिकीट मिळालं, आपल्या रेव्हेन्यू स्टॅम्पसारखं, बोटाच्या पेराएवढं. अर्जावर पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव लिहायचं होतं, म्हणजे मधे बाबांचं नाव. ते लिहून झाल्यावर तिकीट चिकटवायला हात उचलेना. खिडकीतल्या बाईंनीच ते लावून दिलं.

जुलै २०१२ पासून तो जाच संपला. आता वर्षभरात परत येणार असशील तर विमानतळावर निघतानाच्या कागदावर एका चौकोनात खूण करायची, बस, पैसे नाहीत. ती खूण विसरू नकोस. आणि घरून आजाराचा फोन आला तर त्याच दिवशी सुपीरियरसमोर, म्हणजे संघाच्या वरिष्ठांसमोर, उभा राहा आणि स्पष्ट शब्दांत सांग, मला जायचंय. ते नाही म्हणाले तर पुढचं तुझं तू बघ, पण विचारलंच नाही असं होऊ देऊ नकोस.

तर एकटेपणा. तो २४-२५ ला येत नाही, कामं असतात. तो येतो २६ पासून ३ जानेवारीपर्यंत. नवीन वर्ष हा इथला खरा घरचा सण. शहर रिकामं होतं, भाषेची शाळा बंद, धर्मग्रामातली कुटुंबं आपापल्या गावी. ३१ ला रात्री लोक सोबा नूडल्स खातात, देवळांतून १०८ टोले पडतात. मी खोलीत बसून टोले मोजायचो आणि सत्तरच्या आसपास चुकायचो.

१ जानेवारी २००८ ला सकाळी मिस्सा होती. मिस्सेनंतर सगळे एकमेकांना "अकेमाशिते ओमेदेतो" म्हणत होते, मलाही म्हणाले. एक म्हाताऱ्या बाई तेवढ्या काही न बोलता माझ्यासमोर आल्या, कमरेत वाकल्या, बराच वेळ वाकून राहिल्या आणि संत्र्यांची एक जाळीची पिशवी हातात देऊन गेल्या. मला वाटलं, यांना माझं काहीतरी खटकलं. आठवड्यानंतर कळलं की ज्याच्या घरी माणूस गेलंय त्याला इथे नव्या वर्षाचं अभिनंदन करत नाहीत. सगळ्या चर्चमध्ये सुतक पाळलं ते त्या एका बाईंनी. त्या संत्र्यांची सालं मी स्टोव्हवर ठेवली होती, खोलीभर वास सुटला होता.

तिसरा नाताळ, २००८, अगदी वेगळा गेला. नागोया ज्यात येतं त्या आइची प्रांतात मोटारींचे कारखाने आहेत आणि जपानी वंशाच्या परदेशी लोकांना इथे काम करू देणारा १९९० चा कायदा झाल्यावर ब्राझीलचे जपानी वंशाचे हजारो लोक तिथे कामाला आले. त्या वर्षीच्या मंदीत कंत्राटी कामगारांना डिसेंबरातच काढून टाकलं. नोकरी गेली की कंपनीची खोलीही जायची. आमच्या हॉलमध्ये २४ च्या रात्री दोन कुटुंबं झोपली होती. माझं आडनाव पोर्तुगीज, तुझंही आहे. ते ऐकून ही मंडळी माझ्याशी धडाधड पोर्तुगीज बोलायला लागायची. मला समजायचं नाही, तरी बोलत राहायची. आम्ही रात्रभर तांदळाच्या पाच-पाच किलोच्या पिशव्या भरत होतो. एका बापाने तीन वर्षांच्या मुलीला गोठ्यासमोर बसवलं आणि गोठ्यातली मेंढरं तिच्या हातात खेळायला दिली. पुढच्या वर्षी सरकारने अशा कामगारांना परत जायला माणशी तीन लाख येन दिले, घरातल्या इतरांना दोन-दोन लाख, जपानी वंशामुळे मिळालेला व्हिसा सोडायच्या अटीवर. ते कुटुंब गेलं.

त्या पहाटे मी घरी फोन करायला विसरलो. तीन वर्षांत मी खरोखर मिशनरी होतो तो हाच एक नाताळ. आणि त्याच रात्री आई बाबांशिवायच्या पहिल्या नाताळात ओटीवर फोन घेऊन अडीचपर्यंत बसली होती. ती मला काही बोलली नाही, भावाने पुष्कळ उशिरा सांगितलं. यातलं कुठलं कुठल्या पारड्यात टाकायचं? संघ सोडताना मला कारण विचारलं तेव्हा मी भलतंच काही सांगितलं होतं.

काय न्यावं ते थोडक्यात. आईचा मसाला आण, कोरडा, घट्ट डबाबंद. डुकराचं लोणचं किंवा कसलंही मटण बांधून देतील, घेऊ नकोस. ताजी केळीही नकोत. दोन्ही विमानतळावर काढून घेतात. नेवऱ्या चालतात. गोठ्यातला बाळ येशू घरचा आण, छोटा, मातीचा. थंडीचे कपडे इथे घे.

जमलं तर ५ फेब्रुवारीला, सव्वीस हुतात्म्यांच्या दिवशी, नागासाकीला जा. २००९ मध्ये मी गेलो होतो. निशिझाका टेकडीवर १९६२ मध्ये उभारलेलं त्यांचं स्मारक आहे, १५९७ मध्ये तिथेच त्यांना क्रुसावर मारलं, ओळीने ब्राँझचे पुतळे, पाय जमिनीला न टेकलेले. त्यांत आपला वसईचा संत गोन्सालो गार्सिया आहे. वसईतल्या गासच्या, त्याच्या नावाच्या चर्चमुळे त्याचं नाव आपल्याला लहानपणापासून पाठ, पण तो इथे किती काळ होता, किती चांगलं जपानी बोलायचा, हे मला इथे येऊन कळलं. १५९३ मध्ये मनिलाहून फ्रान्सिस्कन संघाच्या मिशनऱ्यांबरोबर दुभाषा म्हणून तो परत आला. डिसेंबर १५९६ मध्ये त्यांच्या घरावर पहारा बसला, म्हणजे त्याचा शेवटचा नाताळ पहाऱ्यातच गेला. जानेवारीत क्योतोत कान कापले आणि मग थंडीतून सुमारे आठशे किलोमीटर नागासाकीपर्यंत चालवत नेलं. तो शेवटपर्यंत ब्रदरच राहिला, फादर झाला नाही. मी त्या पुतळ्यांसमोर बराच वेळ उभा होतो. प्रार्थना आठवेना, तेव्हा त्याच्याशी वसईच्या बोलीत बोललो.

तू नागोयाच्या जवळपास असशील तर २६ ला आमच्याकडे जेवायला ये. बायको फिलिपिन्समधल्या सेबूची आहे, तिच्याकडचं आणि माझ्याकडचं मिळून टेबल भरतं. मुलीला तोवर शाळेची सुट्टी लागलेली असते, ती तुझं जपानी सुधारून देईल. आणि २५ च्या पहाटे पाचला, वसईची मिस्सा सुटते त्या वेळी, मी दर वर्षी जागाच असतो. आई गेल्यापासून फोन लावायला कुणी नाही. आधी घरी बोल, मग मला लाव.