मात दिली की मात केली?

प्रश्न असा आहे: ‘जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला बुद्धिबळ विश्वचषकाच्या अंतिम लढतीत नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला मात दिली’ हे बरोबर, की ‘हंपीवर मात केली’?

मी ‘हंपीवर मात केली’ म्हणेन. ‘को मात दी’ ही हिंदीची रचना, ती जशीच्या तशी उचलली गेली. ‘मात’ हा शब्द फारसीतून आलेला, ‘शहमात’मधला, पण तो हिंदीलाही तेवढाच परका, तेव्हा माझी तक्रार शब्दाबद्दल नाहीच. मराठीत विजय मिळवतो तो कुणावर तरी, कुरघोडी करतो तीही कुणावर तरी. मातही तशीच: आजारावर, दुष्काळावर, प्रतिस्पर्ध्यावर. ‘हरवणे’, ‘नमवणे’, ‘लोळवणे’ यांच्या आधी ‘ला’ येतो, त्यामुळेही घोळ होत असावा.

कुणी म्हणेल, पटावर शह देतातच की, मग मात का देऊ नये? पण शह आपण देतो, मात होते. प्याद्याने झाली तर प्यादेमात. समोरचा राजा अडकला की ‘झाली मात!’ म्हणतो, ‘घे मात’ असं मी तरी ऐकलेलं नाही.

गंमत म्हणजे मोठ्या सामन्यांत खरी मात पटावर क्वचितच दिसते. 12 डिसेंबर 2024 रोजी सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात चीनच्या डिंग लिरेनने भारताच्या गुकेशविरुद्ध 55व्या खेळीला हत्ती नको त्या घरात नेला. मग हत्ती गेले, उंट गेले, उरलेल्या प्याद्यांचा हिशोब त्याला दिसला आणि त्याने डाव सोडला. राजा काही अडकला नव्हता. तरी ‘गुकेशने डिंगवर मात केली’ यात चूक काहीच नाही. हा शब्द पटावरून उठून केव्हाच मैदानात गेलाय.

तिथे मात्र तो तोलून वापरावा. मात करायला समोर कुणीतरी तगडा लागतो. पहिल्याच फेरीत लिंबूटिंबू संघ गुंडाळला तर ‘हरवलं’ पुरे, फारच गुंडाळला तर ‘धुव्वा उडवला’. आणि ‘चीतपट’ कुस्तीला राहू द्या, बॅडमिंटनमध्ये कुणाची पाठ जमिनीला टेकवायची नसते.

जाता जाता: ‘मात खाल्ली’ही हिंदीकडचंच. आपल्याकडे मार खातात, गणितात खातात तसा बरोबरी फोडणाऱ्या टायब्रेकमध्येही.