मिशनच्या चित्रात आधी छप्पर बघा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, कॅलिफोर्नियाच्या जुन्या लँडस्केप चित्रांमध्ये ही मिशनची, म्हणजे स्पॅनिश फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी तिथे वसवलेल्या धर्मप्रसाराच्या ठाण्यांची, चर्चेस सारखी पडकीच का दिसतात आणि तुमच्याकडचं त्यातल्याच कार्मेल मिशनचं प्रिंट कुठल्या काळातलं असेल. दुसरं आधी सांगतो, छप्पर बघा. कार्मेलचं छप्पर 1852 च्या सुमारास कोसळलं, मग 1884 ला त्यावर लाकडी फळ्यांचं चांगलं उंच, टोकदार छप्पर चढवलं, जे मूळचं नव्हतंच, आणि ते काढून परत कौलं आली ती 1930 च्या दशकात हॅरी डाउनीने डागडुजीचं काम हातात घेतल्यावर. म्हणजे भिंतींवर थेट आभाळ असेल तर दाखवलेला काळ 1884 च्या आधीचा. फक्त जपून, जुन्या फोटोवरून मागाहून रंगवलेली चित्रंही भरपूर आहेत.

आता पडकी का, तर चित्रकार पोचेपर्यंत ती खरंच पडली होती. 1833-34 ला मेक्सिकन सरकारने मिशनं चर्चच्या ताब्यातून काढली, जमिनी रँचोवाल्यांकडे, म्हणजे गुरं पाळणाऱ्या बड्या जमीनदारांकडे गेल्या, कौलं लोकांनी उचलून नेली, आणि बरीचशी मिशनं कच्च्या विटांची, कौल गेलं की दोनचार पावसाळ्यात भिंतीची परत माती होते. चित्रकार एडविन डीकिनने सगळी 21 मिशनं रंगवली, हेन्री चॅपमन फोर्डची एचिंग्ज, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं, 1883 ला आली, आणि ही मिशनं वाचवायला हवीत असं लोकांना वाटायला लागलं त्यात ह्या चित्रांचा वाटा मोठा आहे. आपल्या वसईच्या किल्ल्यातलं फ्रान्सिस्कनांचं पडकं चर्च ज्यांनी बघितलंय त्यांना ती ओढ वेगळी सांगायला नको.

पण मला ह्या चित्रांत एक गोष्ट कायम खुपते. उन्हातली भिंत असते, फुलं असतात, एखादा पाद्री असतो, पण ज्यांनी त्या विटा थापल्या ते तिथले मूळ रहिवासी, ओलोनी, एसेलेन लोक बहुतेक वेळा नसतातच. बाप्तिस्मा झाला की मिशन सोडून जायची परवानगी नव्हती, पळाले तर सैनिक धरून आणायचे, आणि गोवर वगैरे साथींत माणसं भराभर गेली, एकट्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन डोलोरेसच्या आवारात 5 हजारांहून जास्त मूळ रहिवासी पुरलेत. डीकिनचा प्रकाश मला मनापासून आवडतो, तरी चित्रातलं ते रिकामं अंगण बघताना हा आकडा डोक्यातून जात नाही.

तुमच्या प्रिंटचा दर्शनी भिंतीच्या वरच्या भागाचा जवळून फोटो काढून पाठवा, मागे टोकदार त्रिकोण दिसतोय का तेवढं बघू.